खाऱ्याचा तुकडा

बाबांचं प्रेशर वाढलंय हे कळलं, तेव्हा घरातला सगळा शहाणपणा माझ्याकडे होता. मी बोईसरला औषधांच्या एका कंपनीत, लॅबमध्ये काम करते. दिवसभर पांढरी पावडर तोलायची. तेव्हा मिठाचा कारभार मीच हातात घेणार, हे ठरल्यासारखंच होतं.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. किडन्या ठीक आहेत, कमी सोडियमचं मीठ वापरायला हरकत नाही, पण तेही बेतानंच, असं दोनदा बजावलं. मी येताना पुडा आणला, चिंचणीच्या घरातला आईचा मिठाचा डबा माळ्यावर टाकला आणि रोज सकाळी बाबांचं दिवसभराचं मीठ तोलून वाटीत काढू लागले. त्यासाठी लहानसा काटाही विकत घेतला.

"आता सोनाराचं दुकान घाल," आई म्हणाली.

बाबांनी उभा जन्म बोटीवर काढलेला. पहिल्याच घासाला त्यांनी तोंड वाकडं केलं. "कडू लागते गो," म्हणाले. त्या मिठाला मागून कडवट चव येते, हे खरंच होतं. "सवय होईल तुमाला," मी म्हटलं. लिंबू पिळून पाहिलं, लसूण ठेचून घातला. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं ते आलंच. ताटाकडे नुसते बघत बसायचे. मला बघवेना. शेवटी मीच तोड काढली. बरणीतल्या खाऱ्याचा एक तुकडा गॅसवर भाजला आणि ताटात ठेवला. बाबा त्या दिवशी पोटभर जेवले. मग मी रोज ठेवायला लागले.

खारं म्हणजे मिठात मुरवून वाळवलेला मासा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हासाठी आई तो घालून ठेवते. त्याच्यासाठी आणलेली खड्या मिठाची गोण आमच्या पडवीत कायम असते. ती गोण ओलांडून मी स्वयंपाकघरात जायचे आणि काटा मांडायचे. आज लिहिताना हे हास्यास्पद दिसतंय. तेव्हा दिसलं नाही. आमच्याकडे मीठ म्हणजे डब्यातलं. खारं म्हणजे मासा.

प्रेशर उतरेना. गोळी वाढवली, तरी उतरेना. मी आईवर संशय घेतला. तूच गुपचूप मीठ घालतेस म्हणून तिला नाही नाही ते बोलले, आणि आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तीही हट्टी, तिनं एकदाही "मी नाय घातलं" म्हणून सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बाबांनाच विचारलं, "काल काय काय जेवलात?"

"भात, डाळ, नि खाऱ्याचा तुकडा."

"रोज खाता?"

"रोज. पोरगी देते. पन तो मासा हाय, मीठ नाय," बाबा त्यांना समजावून सांगू लागले.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. घरी आल्या आल्या मी ती बरणी उचलून शेजारी देऊन टाकली.

नऊ दिवसांनी, सकाळी, बाबांच्या हातातून चहाचा कप पडला. उजवी बाजू लुळी पडली होती. एकाच गोष्टीमुळे झालं असं म्हणता येत नाही, वयही आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी मान डोलावली. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. आईची माफी मागितली, तीसुद्धा भांडी घासता घासता. "जाऊ दे," ती म्हणाली. मी पुढचं भांडं घेतलं.

बाबांचं बोलणं हळूहळू परत आलं, हात आला नाही. मी कामावर जायच्या आधी त्यांना भरवते. मऊ भात, त्यात डाळ कालवून, वर वाटीतलं चिमूटभर मीठ. परवा गडबडीत मी ते मीठ घालायलाच विसरले. अर्धा भात भरवून झाल्यावर बोट चाटलं, तेव्हा लक्षात आलं.

"बाबा, आळणी हाय की. बोललात का नाय?"

"आळणी हाय?" त्यांनी मलाच विचारलं, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.