सगळ्यांत मोठा मेलबॉक्स

गावच्या शाळेत शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि वसईजवळ वालीवच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीने मला कॉम्प्युटर सांभाळायला ठेवलं, याचं मला आजही अप्रूप आहे. ऑफिसात ईमेल नुकतीच आली होती. सगळ्यांची मेल एकाच सर्व्हरवर साठायची. एका सकाळी त्याची डिस्क भरली आणि गिऱ्हाइकांच्या मेल परत जाऊ लागल्या.

कुणी किती जागा घेतली ते मी पाहिलं. निम्मी जागा एकट्या ड्राफ्ट्समन अंकलनी, म्हणजे व्हॉल्व्हची ड्रॉइंग काढणाऱ्यांनी, व्यापली होती. जवळच्याच गास गावचे, माझ्या वडिलांच्या वयाचे. डब्यातली भाजी ते रोज मला वाढायचे.

कंपनीचे मालक, आमचे साहेब, यांना मी हे सांगितलं. त्यांच्या कानावर आलं होतं, की शेजारच्या सातिवलीत कुणीतरी हुबेहूब आपला व्हॉल्व्ह काढलाय. ते म्हणाले, "ड्रॉइंग बाहेर जातायत. त्याचा मेलबॉक्स उघड. सापडलं तर आजच घरी बसवतो." माझ्या मनात आलं, अंकल मला भाजी काही हेतूने तर वाढत नव्हते?

पासवर्ड माझ्याकडे होता, पण चोरून उघडायला हात धजेना. मी अंकलकडेच गेलो. "अंकल, मेलबॉक्स जरा माझ्यासमोर उघडता?"

"साहेबाने पाठवलं ना तुला?" माझ्याकडे न बघता त्यांनी तो उघडला.

एकूण एक ड्रॉइंग त्यांनी स्वतःलाच पाठवलं होतं. "लाइट जाते, मशीन बसतं. फ्लॉपीला बुरशी धरते. एक रेघ बदलली की अख्खं ड्रॉइंग मलाच पाठवून ठेवतो. तुझ्या सर्व्हरला बॅटरी आहे ना!"

मी साहेबांना सांगितलं.

"स्वतःलाच? मग घराजवळच्या सायबर कॅफेत उघडत असेल."

"आपली मेल ऑफिसबाहेर उघडत नाही, साहेब."

"दाखव."

गाडीत घालून त्यांनी मला स्टेशनजवळच्या कॅफेत नेलं आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिले. मी माझी ऑफिसची मेल उघडायचा परोपरीने प्रयत्न केला. उघडली नाही.

"तुला येत नसेल. त्याला येत असेल."

"एवढं येत असतं, साहेब, तर माग राहू नये म्हणून त्यांनी जुन्या मेल पुसल्या नसत्या का?"

तेव्हा कुठे साहेब हसले. अंकलची नोकरी राहिली. मी प्रत्येकाच्या मेलबॉक्सला मर्यादा घातली आणि ड्रॉइंगसाठी सर्व्हरवर वेगळी जागा करून दिली.

पुढेही अंकल मला भाजी वाढायचे. फक्त मी जवळ गेलो की आधी मॉनिटर बंद करायचे, मग म्हणायचे, "बस."