अण्णांचा फोटो आणि बिघडलेला फॉर्म

आमचे घरमालक अण्णा मराठीच, पण घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड कुठेही डोकावतं. मी पुण्याहून हेब्बाळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. एका शनिवारी सकाळी ते जिन्यातूनच ओरडले, "अगं, बोम्मसंद्राला चल स्वल्प. फॅक्टरीतला फॉर्म मेला!"

फॅक्टरी म्हणजे अण्णांची रबरी वॉशर बनवणारी लहानशी शेड. बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद एका जुन्या डेटाबेसमध्ये व्हायची आणि ती करायच्या अक्का. त्याही इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. अण्णांना त्या 'सर' म्हणायच्या, पण अशा आवाजात, की सरांनीच उठून उभं राहावं.

"सोमवारपासून असंच," अक्का म्हणाल्या. "बाकी सगळं चालतं. हा फॉर्म उघडला की अख्खा प्रोग्रॅमच बंद."

अण्णांना वाटत होतं सगळ्या नोंदी गेल्या. मी सांगितलं, नोंदी वेगळ्या टेबलांत सुखरूप आहेत, फॉर्म ही नुसती त्यांची खिडकी. हे ऐकताच ते निर्धास्त होऊन मशीनवाल्यांवर ओरडायला निघून गेले.

मी आधी फाइलची एक प्रत काढून ठेवली. मग प्रोग्रॅममधलीच दुरुस्तीची सोय वापरली. काही उपयोग नाही. नवी कोरी फाइल करून सगळं तिच्यात आणलं. टेबलं आली, रिपोर्ट आले, फॉर्म आणायला गेले तर पुन्हा सगळं बंद. शेवटी एक आडमार्ग आठवला. फॉर्म न उघडता, एका ओळीची आज्ञा देऊन तो साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढता येतो. तसा काढला. वरच्या काही ओळी ठीक होत्या. त्याखाली मात्र आकडे आणि अक्षरांची नुसती खिचडी, पानंच्या पानं.

"हे कुठलं तरी चित्र आहे," मी म्हटलं. "फॉर्मवर फोटो होता का?"

अक्कांनी दाराकडे पाहिलं, खुर्ची जवळ ओढली. "होता की. सरांचा. सत्काराचा, शाल-फेटा घातलेला. रविवारी इथे कुणी नसताना येऊन त्यांनीच जुना काढून नवा, मोठा लावला. त्यातच लाइट गेली म्हणे. मला वॉचमननं सांगितलं."

म्हणजे खुनी सापडला होता, आणि तोच तक्रार घेऊन माझ्या जिन्यात आला होता!

"जुन्या फोटोतही अर्ध्या स्क्रीनवर तेच," अक्का पुढे म्हणाल्या. "गाडीचा नंबर टाकायला खाली जावं लागायचं. घरी नवऱ्याचं तोंड मी एवढं बघत नाही."

मी ती खिचडी कापून टाकली आणि उरलेला मजकूर नव्या फाइलमध्ये परत भरला. फॉर्म उघडला. स्वच्छ, मोकळा. अक्कांनी एक नोंद करून पाहिली, दुसरी केली आणि गालात हसल्या.

"फोटो परत लावू?" मी विचारलं.

"तू तसं काही करणार नाहीस," अक्का शांतपणे म्हणाल्या.

तेवढ्यात अण्णा आले. स्क्रीनकडे बघून त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. "मी कुठे गेलो?"

"फॉर्मला तुमचं वजन पेललं नाही, अण्णा," मी शक्य तितक्या गंभीरपणे सांगितलं.

"पासपोर्ट साइज लावला तर?"

"लहान फोटो जास्त धोक्याचा, सर," अक्कांनी ठणकावलं. मला इतक्या जोरात ठसका लागला की अण्णांनीच पाणी आणून दिलं.

निघण्याआधी मी रोजच्या वापरासाठी फॉर्मची रचना बदलता न येणारी प्रत केली. मूळ फाइल पासवर्ड घालून अक्कांच्या हवाली केली.

पुढच्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. आवाजात गुदगुल्या. अण्णा नवा फोटो घेऊन टेबलासमोर उभे होते आणि पासवर्ड मागत होते.

"मग काय म्हणालात?"

"म्हटलं, सरी, बरं सर, कुठेतरी लिहून ठेवलाय. बघते."

अजून बघताहेत.