निळी गाडी पहिली आली

सांगा बरं, हरलेल्या गाडीचे पेढे कुणी वाटतं का? मी वाटलेत! अख्ख्या गल्लीत, तेही हसत हसत.

आमच्या ह्यांचं मुरुम गावात मोटरसायकलचं गॅरेज होतं. साखरेच्या आजारानं डोळे धुरकट झाले आणि गॅरेज बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, सोलापूरला जाऊन लवकर ऑपरेशन करा. पण हे हटून बसले. "गॅरेजच न्हाय, मग बघायचं काय?"

एक नाद तेवढा सुटला नव्हता. परदेशातल्या मोटरसायकलच्या शर्यती! ह्यांचा जीव एका जपानी कंपनीवर. कधीकाळी तीच जिंकायची म्हणे. आता मात्र इटलीची एक कंपनी कुणाला पुढं जाऊच देत नव्हती. रविवारी संध्याकाळी मी मोबाईलवर बघून सांगायची, हे ऐकायचे. मला कळायचं एवढंच: आपली निळी, त्यांची लाल.

एकदा वैतागून विचारलं, "अहो, ऑपरेशनला जायचं कधी?"

"आपली कंपनी जिंकू दे. दुसऱ्या दिवशी निघू."

म्हणजे कधीच नाही! वर्ष असंच गेलं.

आणि काय सांगू, त्या रविवारी निळी गाडी सुटली ती सुटलीच! "अहो, लाल मागं पडली! जिंकली! आपली जिंकली!" मी पलंगाभोवती नाचले की हो, ह्या वयात!

हे पलंगावर उठून बसले. मग म्हणाले, "व्हय? मग उद्या जाऊ."

मी दिरांना जीप सांगितली, पिशवी भरली, पेढे आणून दारोदार वाटले. "आमची कंपनी जिंकली!" शेजारणींना वाटलं, आम्ही कारखानाच काढला.

शेवटी रफिकभाई आले. ह्यांच्याच हाताखाली शिकलेले मेकॅनिक. मी मोबाईलवर गाडी दाखवली, तसा त्यांचा पेढा तोंडातच राहिला. मला हळूच अंगणात बोलावलं.

"भाभी, ही तर लाल कंपनीचीच गाडी हाय. ते दुसऱ्या टीमला बी गाड्या देतात. रंग टीमचा, गाडी कंपनीची. पहिल्या तिन्ही त्यांच्याच."

"आणि आपली?"

"लई मागं."

मी आवाज खाली आणला. "ह्यांना सांगू नका हो. कळलं तर उद्या यायचे नाहीत."

"काय खुसपुस चाललीय?" आतून आवाज आला. "गाडी इटलीवाल्यांची होती, हेच ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, तो मोबाईलमधला इंग्रजी बोलणारा सारखं कंपनीचं नाव घेत होता. डोळे गेलेत, कान न्हाय गेले."

"मग गप का बसलात? मी पेढे वाटून आले की!"

"पलंग हलत होता, बांगड्या वाजत होत्या. तू नाचत होतीस, अन् मला दिसंना. म्हटलं, एवढं बघायला तरी डोळा पायजे."

रफिकभाई हसले. मीही हसले, पदर तोंडावर धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोलापूरला गेलो. डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले आणि आता ऑपरेशनचा उपयोग नाही, असं सांगितलं.