बाभळीची मूठ

दादाच्या रिव्हॉल्व्हरची मूठ बाभळीची होती. कारखान्यातून आलं तेव्हा त्याला काळ्या प्लास्टिकची मूठ होती. पण दादाचा पंजा मोठा, त्या मुठीवर त्याची दोन बोटं जेमतेम बसायची. मग त्याने वैरागातल्या एका सुताराकडून नवी मूठ करून घेतली. हा सुतार पाभरी आणि कुऱ्हाडीचे दांडे करणारा होता. त्याने रिव्हॉल्व्हरची मूठही त्याच हिशेबाने केली, जाड, लांब आणि हात भरून उरेल अशी. मूठ म्हणजे खरं तर दोन फळ्या असतात. मधल्या लोखंडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना त्या बसवायच्या आणि एका आडव्या स्क्रूने आवळायच्या. एवढंच काम.

रिव्हॉल्व्हर मुळात लहान, कपड्याआड कमरेला ठेवायचं. हत्यार चारचौघांत दिसता कामा नये, असं परवान्यावरही लिहिलेलं असतं. या मुठीमुळे मात्र दादाच्या सदऱ्याखाली उजव्या बाजूला कायम एक उंचवटा असायचा. बाजारातले लोक तुला नमस्कार करतात की त्या उंचवट्याला, असं मी त्याला विचारायचो. तो म्हणायचा, "दोघांना मिळून एक करतेत. काटकसर हाय."

दादा वैरागला आडत्या होता. शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन, ज्वारी लिलावात विकून द्यायची आणि ज्याचे त्याला पैसे चुकते करायचे, हा त्याचा धंदा. बाजाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणावी लागे, म्हणून परवाना होता. ते रिव्हॉल्व्हर त्याने कधी कुणावर रोखल्याचं मला माहीत नाही. रोज सकाळी कमरेला लावायचं आणि संध्याकाळी काढून कपाटात ठेवायचं, एवढाच त्याचा वापर. तेवढ्यानेही मूठ झिजली होती. उजव्या फळीच्या पुढच्या कडेला एक खाच पडली होती. दादाच्या अनामिकेत पोवळ्याची अंगठी असायची, ती रोज तिथे घासायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात दादा दुकानातच गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. मी सोलापूरला जुळे सोलापूरमध्ये राहतो, एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो. त्या दिवसाबद्दल एवढंच लिहितो.

नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हर सोलापुरातल्या एका परवानाधारक हत्यार-विक्रेत्याकडे जमा झालं. ते विकून टाकावं असंच मला आणि सगळ्यांना वाटत होतं. वहिनींनी मात्र वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला. आडत त्या स्वतःच चालवू लागल्या होत्या. त्यांचे भाऊ म्हणत होते, बँकेत जाताना मी सोबत येत जाईन.

"त्यो येतो म्हणतोय, ते खरं," वहिनी मला फोनवर म्हणाल्या. "पण भावजी, आज बँकंत सोबत येणार, उद्या कट्ट्यावर बसणार, परवा लिलाव बोलणार. मग मी हाय कशाला? डबा घेऊन जायाला?"

त्यांनी प्रशिक्षण घेतलं, तिथल्या रिव्हॉल्व्हरने नेम धरला. पावसाळा सरता सरता परवाना हातात आला. मग एके दिवशी त्या सकाळच्या एसटीने सोलापूरला आल्या आणि आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून त्या दुकानात गेलो.

जाण्याआधी मी थोडं वाचलं होतं. माझी सवयच तशी आहे. मूठ लांब असली की पकड चांगली बसते पण कपड्यातून दिसते, आखूड असली की लपते पण करंगळी मोकळी राहते, जाड असली की हाताला धक्का कमी बसतो पण लहान बोट ट्रिगरपर्यंत पोचत नाही. हे सगळं मला तोंडपाठ झालं होतं. हे वाचताना वहिनींसाठी मूठ बदलावी लागेल असं मात्र माझ्या मनात आलं नव्हतं. दादाची मूठ वहिनींना चालेल, असं मी धरून चाललो होतो.

विक्रेते साठीचे, गप्पिष्ट, मराठीत मधूनच दखनी बोलणारे होते. दादाला ते ओळखत. त्यांनी रिव्हॉल्व्हर आणलं, चक्र उघडून रिकामं असल्याचं आधी आम्हाला दाखवलं आणि मग वहिनींच्या हातात दिलं. खाली जमिनीवर ठेवलेल्या वाळूच्या पेटीकडे तोंड करून वहिनींनी ट्रिगर ओढला. म्हणजे ओढू पाहिला. बोटाचं टोक कसंबसं टेकत होतं, पुढे काही हलत नव्हतं. त्यांनी दुसरा हात लावला. तरीही नाही.

"ताई, हात नाजूक है तुमचा," विक्रेते म्हणाले. "लेडीज लोकांचं तसंच असतं. नक्को टेन्शन घेऊ. पर्समध्ये ठिवा, नुसतं ठिवलं तरी आधार असतो."

"नाजूक?" वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुरीची पोती वढल्यात ह्या हातानं. तुमास्नी उचलून बाहेर ठिवू का, बघायचंय?"

ते मोठ्याने हसले. पण वहिनी हसल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. प्रशिक्षणाच्या वेळी जमलं होतं, आणि घरचंच हत्यार दाद देत नव्हतं. आज हे जमलं नाही तर पुढच्या बाजारी त्यांचे भाऊ गाडी घेऊन दारात उभे राहणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

विक्रेत्यांनी दुसऱ्या मुठी दाखवण्यासाठी म्हणून स्क्रू सोडवला. बाभळीच्या फळ्या सहज निघाल्या नाहीत. त्यांनी लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने हळूहळू ठोकून त्या मोकळ्या केल्या. आतली बाजू वर आली.

आत सगळं कुंकू होतं.

कोरडं, काळपट, तेलात बसून घट्ट झालेलं कुंकू. सांगाड्याच्या खाचांत ते होतं, ट्रिगर ओढला की दबणाऱ्या, मुठीतल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत होतं. खाली लोखंडाला गंज धरला होता.

ते तिथे कसं आलं, हे आम्हाला वेगळं सांगायला नको होतं. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पूजतात. तराजू, वजनं, पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची बंबी, विळे, कात्र्या, सगळं पाटावर मांडायचं. दादाचं रिव्हॉल्व्हर मधोमध असायचं. तो आधी त्याला तेलाचा हात फिरवायचा आणि मग ओल्या कुंकवाची बोटं ओढायचा, मुठीवर आणि मुठीच्या अगदी सांध्यावर. दुसऱ्या दिवशी वरवर पुसून ते पुन्हा कमरेला. मूठ उघडून कधी साफ केली नाही, कारण सुताराने बसवलेली मूठ उघडली की पुन्हा तशी बसत नाही, असं त्याचं मत होतं. वर्षानुवर्षं ते कुंकू फटीतून आत उतरत गेलं. दादाला स्वतःला ते कधी जाणवलं नसणार. त्याच्या बोटात तेवढा जोर होता. शिवाय तो ट्रिगर ओढायचाच कधी?

"दसऱ्याला असले तीन-चार येतेत माझ्याकडं," विक्रेते म्हणाले. "पण इतकं पहिल्यांदा बघतोय. तुमचे मालक लई भाविक होते ताई."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "आन् लई हट्टी."

विक्रेत्यांनी ब्रश आणि रॉकेल घेऊन स्प्रिंग साफ केली. खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर लाल-काळा ओघळ आला. मी त्याकडे बघत राहिलो. ते वर्तमानपत्र घडी करून खिशात ठेवावं असा एक विचार माझ्या मनात येऊन गेला. ठेवलं नाही. विक्रेत्यांनी ते चुरगळून टोपलीत टाकलं.

मग मी म्हणालो, "आता तीच मूठ पुन्हा लावून बघा."

त्यांनी लावली. ट्रिगर आता हलत होता, पण वहिनींच्या बोटाचं फक्त टोक पोचत होतं आणि ओढताना रिव्हॉल्व्हर हातात फिरत होतं. तेल पिऊन लाकूडही मऊ झालं होतं. स्क्रू पूर्ण आवळला तरी डावी फळी किंचित डुगडुगायची.

"जाडी जास्त आहे, एवढंच," मी म्हणालो. "थोडी तासून घेतली तर?"

"हौ, तासता येईल की," विक्रेते म्हणाले. "पण आधी माल तर बघा सर."

विक्रेत्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा उघडला. पहिल्यांदा त्यांनी मोत्यासारखी चमकणारी पांढरी प्लास्टिकची मूठ काढली. "ही खास लेडीज."

"हे हत्याराचं दुकान हाय का कासाराचं?" वहिनी म्हणाल्या. "ठिवा ती. आमच्या बाजारात ही दिसली की लोक लिलाव सोडून लग्न कुणाचं हाय ते इचारतील."

मग आली रबराची, बोटांच्या खाचा असलेली. हात त्यात घट्ट बसत होता, ट्रिगरही नीट ओढला जात होता. वहिनींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा उजेड आला. पण डाव्या बाजूचं रबर फार वर आलेलं दिसत होतं, आणि त्याबद्दल मी वाचलं होतं. मी विक्रेत्यांना चक्रात गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या घालून त्या बाहेर ढकलून दाखवायला सांगितलं. एक पुंगळी रबराला अडकली आणि तिथेच राहिली.

"ब्लेडनं कापून देतो," विक्रेते म्हणाले. "दोन मिनटाचं काम."

वहिनींनी रिव्हॉल्व्हर कमरेच्या पट्ट्यातल्या म्यानात ठेवलं, वर पदर घेतला आणि हात घालून बाहेर काढून पाहिलं. रबराबरोबर पदरही वर आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी साडीची निरीच सुटायला आली तेव्हा त्या हसू लागल्या आणि मीही हसलो. त्या दुकानात मला हसू येईल असं वाटलं नव्हतं.

"चोर यायच्या आदी माजीच साडी जायची," त्या म्हणाल्या.

शेवटची मूठ डब्याच्या तळाशी होती. शिसवीची, पातळ, गुळगुळीत, आखूड. कुठल्या तरी जुन्या रिव्हॉल्व्हरवरून काढलेली, पण सांगाड्याला बरोबर बसली. वहिनींचं बोट ट्रिगरवर पहिल्या पेरापर्यंत पोचलं. ट्रिगर ओढला गेला, पुन्हा ओढला गेला, रिव्हॉल्व्हर जागचं हललं नाही. पदराखालून काढताना लाकूड अलगद निसटून हातात येत होतं. पुंगळ्या मोकळ्या पडत होत्या. फक्त करंगळी खाली हवेत राहत होती.

"करंगळी बाहेर राहतीय ताई. आन् पातळ मूठ, झटका लागंल हाताला. तळवा दुखंल."

"दुखू द्या की," वहिनी म्हणाल्या. "हातातनं सुटत न्हाय, हे बास झालं. करंगळीला काय काम हाय?"

मी बाभळीच्या फळ्या हातात घेऊन बसलो होतो. उजव्या फळीवरच्या खाचेवर माझा अंगठा होता. मी पुन्हा म्हणालो, "वहिनी, हीच एवढ्या जाडीची तासून घेतली तर? दादाची मूठही राहील आणि तुम्हाला जमेलही."

वहिनींनी माझ्या हातातून फळी घेतली. खाच पाहिली. त्या जागेवर बोट फिरवलं.

"तासायची म्हंजे हे आदी जाणार की," त्या म्हणाल्या. "मग त्यांचं राहिलं काय हिच्यात? आन् तासून बी माज्या हाताची व्हायची न्हाय. दोघांतलं कुणाचंच न्हाय असं लाकूड कशाला घेऊन फिरू मी?"

दादाची आठवण राहावी म्हणून मी तीच सुरीखाली धरत होतो, आणि ज्यांचं कुंकू गेलं होतं त्या वहिनी ती आठवण वाचवत होत्या. एवढं मला स्कूटरवर परत येताना कळलं. तोवर वहिनी मागे बसून मला रस्ता सांगत होत्या, जो मला पाठ आहे.

शिसवीची मूठ बसवून घेतली. बाभळीच्या दोन्ही फळ्या वहिनींनी रुमालात बांधल्या आणि पिशवीत ठेवल्या. मला हव्या होत्या. मी मागितल्या नाहीत.

पुढच्या बाजारी मी दुपारी फोन केला. वहिनी म्हणाल्या, "आता गडबड हाय, ठिवा." मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता. संध्याकाळी त्यांनीच फोन केला. त्यांचे भाऊ सकाळी गाडी घेऊन आले होते. वहिनींनी त्यांना चहा पाजला आणि एकट्याच बँकेत जाऊन आल्या. "तळवा काय दुखला न्हाय," त्या म्हणाल्या. "कारण काय करायचीच पाळी आली न्हाय. पण चालताना हात आपुआप तितं जातोय बगा. त्यांचा बी असाच जायचा."

खंडेनवमीला मी वैरागला गेलो. आडतीच्या दुकानात पाट मांडला होता. तराजू, वजनं, बंबी, विळे. मधोमध रिव्हॉल्व्हर, चक्र उघडं, रिकामं. मी तिथे उभा राहिलो, पण पूजेला बसायची जागा दादाची होती आणि तिथे बसायला माझं मन घेईना. वहिनी आल्या आणि बसल्या.

त्यांनी तराजूला हळद-कुंकू लावलं, वजनांना लावलं, विळ्यांना लावलं. रिव्हॉल्व्हरपाशी हात थांबला. त्यांनी त्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं, कोरडं, देठ पुसून.

"भावजी, ते रुमालातलं द्या," त्या म्हणाल्या.

रुमाल माझ्या शेजारी वजनांच्या पेटीवर होता. मी सोडला. वहिनींनी बाभळीच्या दोन्ही फळ्या पाटावर रिव्हॉल्व्हरच्या शेजारी मांडल्या, खाच वर येईल अशा. तेलाचा हात फिरवला. मग कुंकवात बोट बुडवून त्यांनी दोन्ही फळ्यांवर भरपूर कुंकू ओढलं, सांध्यावर, कडांवर, आणि शेवटी खाचेत.

"हिथं लावलं तर काय बिगडत न्हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या विळ्याकडे वळल्या.