बसायची जागा आणि आम्ही तिघं

आम्ही तिघं जुने क्लासमेट भेटलो की चहा येईपर्यंत तब्येतीच्या गप्पा होतात, आणि चहा आला की उस्ताद येतात. म्हणजे त्यांचे किस्से! कागदावर काढलेले आमचे प्लॅन कुठे गेले देव जाणे, किस्सा मात्र एकही हरवला नाही. उलट दर भेटीला एखादा वाढतोच. हबीब म्हणतो, निम्मे तर मीच रचलेत. रचले असतील, पण खोटे नाहीत!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हबीब जालन्याचा, गोविंद बदनापूरचा आणि मी कुंभार पिंपळगावचा. तिघंही नुकतेच बी.ए. झालेलो. जालन्यात करीमुद्दीन साहेब म्हणून विलायतेत शिकून आलेले एक गृहस्थ होते. गावातले रस्ते, बागा, बाजार कसे आखावेत हे ते दोन वर्षं शिकवायचे, तेही फक्त बी.ए. झालेल्यांना. तेच आमचे उस्ताद. शिकवणी उर्दूत, आमची भांडणं मराठीत!

*

पहिल्याच दिवशी त्यांनी गोविंदला विचारलं, "बदनापूर से कैसे आए?"

"रेल्वेनं."

"रास्ते में झाड कितने मिले?"

गोविंद डोकं खाजवायला लागला. रेल्वेत तो झोपून आलेला!

"वापस जाव. पैदल आव."

आम्हाला वाटलं, गेला हा, आता कशाचा येतोय. पण तिसऱ्या दिवशी गोविंद दारात उभा. पाय सुजून टम्म.

"झाडां गिने?"

"न्हाई उस्ताद. मोजायचं ध्यानातच राह्यलं न्हाई. पर बसावं वाटलं, अशा जागा तीनच हाईत."

उस्तादांनी उठून स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बैठो," म्हणाले. "तुम तो आगे निकल गए!"

*

आमचा मोठा अभ्यास म्हणजे सावली मोजणं. सकाळपासून दर तासाला झाडाची सावली जिथे पडेल, तिथे चुन्याच्या फक्कीनं रेघ ओढायची. अंबडला एका कडुलिंबाभोवती आम्ही असं करत होतो, तर एक म्हातारी टोपली खाली ठेवून बघत उभी राहिली.

"लेकरांनो, कोणाचं लगीन हाय?"

हबीबला कुठलं राहवतंय! "झाडाचं, आजी!"

म्हातारी टोपली उचलून निघून गेली. तासाभरानं चार बायका घेऊन आली आणि लिंबाला हळद लावून, कुंकू वाहून, वर आम्हाला हातावर गूळ दिला. उस्ताद येताना दिसले तेव्हा हबीब झाडामागे लपला.

उस्तादांनी हळद पाहिली, रेघा पाहिल्या आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. "अब इस झाड को कोई हाथ नहीं लगाता," ते म्हणाले. "पक्की स्याही से बनाव!"

आमच्या सगळ्या प्लॅनमध्ये पक्क्या शाईतलं ते एकच झाड होतं.

*

हबीबची हौस म्हणजे सरळ रेघ. एका लहान बागेत त्यानं असा काटकोनात रस्ता काढला की बघत राहावं. लोक मात्र कोपरा कापून गवतातून जायचे. हबीब चिडला. त्यानं गवताच्या कडेनं बोराटीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि आम्ही तिघं लांबून पहारा करत बसलो. पहिला जो ओलांडेल त्याला धरायचाच!

पहिला माणूस आला, कुंपणावरून टांग टाकली आणि पायजमा टर्रकन फाटला. उस्ताद होते!

आम्ही पळत गेलो. ते काटे काढत शांतपणे म्हणाले, "मियाँ हबीब, जल्दी में था. रास्ता इधर बनाव."

तो पायजमा हबीबच्या अम्मीनं शिवून दिला. रस्ताही हबीबनं तिरपा केला, पण आठ दिवस तो स्वतः त्या रस्त्यानं गेला नाही.

*

दुसऱ्या वर्षी आमचे आबा जालन्याला आले. दिवसभर शेजारी बसून माझं काम बघितलं आणि संध्याकाळी म्हणाले, "तू नेमकं काय शिकून राह्यला?"

मी सांगितलं. माणसांनी कुठून चालावं, कुठे थांबावं, कुठे बसावं.

"बसायला शाळा लागती?"

आबांचंही चूक नव्हतं. घरचा एकुलता एक मुलगा बी.ए. होऊन मातीत रेघा ओढत होता, आणि गावातले लोक त्यांना विचारून विचारून बेजार करत होते. जाताना त्यांनी निकाल देऊन टाकला. "तुमची ती परीक्षा पास झाला तर ऱ्हा बापा इथंच. न्हाई झाला तर बिलकुल काही बोलायचं न्हाई, गावाकडं येऊन शेती पाहायची."

मला तेव्हा शेतीत जीव रमत नव्हता आणि आबांना दुखवायची छातीही नव्हती. परीक्षेवर सगळं अडकलं.

*

आणि परीक्षा कसली, तर अंबडच्या बाजारतळावर प्रत्येकानं एक बसायची जागा करायची. दगड, माती, काय ते तिथलंच. जागेवर नाव घालायचं नाही, बाजारकरूंशी एक शब्द बोलायचा नाही. बाजाराच्या दिवशी उस्ताद समोर बसून बघणार. लोक जिथे जास्त बसतील, तो एकटा पास! मी हे सगळं पत्रानं आबांना कळवलं होतं, आपलं सहज.

माझी जागा दिसायला सुरेख होती. अर्धगोल, घडीव दगडांची. गोविंदची विहिरीजवळ. हबीबनं तर नुसता एक बुटका मातीचा ओटा घातला होता, पण बेत असा की दुपारी तिथं लिंबाची सावली येणार आणि बसलेल्याला आपले बैल समोर दिसणार. माझ्या जागेवर बसणाऱ्याची बैलांकडे पाठ होत होती. हे मला बाजाराच्या दिवशी सकाळी कळलं. शेतकऱ्याचा मुलगा मी, आणि हे मला कळू नये!

बाजार भरायला लागला आणि तीन बैलगाड्या आल्या. पुढच्या गाडीवर आबा! आदल्या दिवशी गाड्या जुंपून अर्धं पिंपळगाव घेऊन आलेले. खाली उतरले, धोतर सावरलं, तिन्ही जागा फिरून पाहिल्या. मग सगळ्यांना हाक मारली आणि जाऊन बसले, ते हबीबच्या ओट्यावर!

बसले ते बसलेच. भाकरी तिथेच सोडल्या, पानही तिथेच खाल्लं. त्यांना बघून बाकीचा बाजारही तिकडेच वळला. मी उस्तादांच्या मागे बसून पाहत होतो. माझ्या अर्धगोलात दिवसभर एक शेळी होती.

हबीबला राहवेना. "मी सांगतो उस्तादांना, ते तुझे वडील आहेत म्हणून." मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. त्याची जागा चांगलीच होती, मग सांगायचं काय?

उन्हं उतरली. उस्ताद उठले आणि हबीबच्या पाठीवर हात ठेवला. मी तसाच गाड्यांकडे गेलो.

आबा बैल जुंपत होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सकाळधरनं कोणाला उठू दिलं न्हाई," ते म्हणाले. "पाणी प्यायला बी पाळीपाळीनं गेलो. बराबर केलं ना?"

"बराबर केलं, आबा." मी पुढे होऊन जू धरलं. "पण जागेवर तर नाव नव्हतं. ती माझी हे तुम्हाला कसं कळलं?"

आबा हसले. "त्यात काय कळायचं? तिन्ही फिरून पाह्यल्या. सगळ्यात चांगली तीच व्हती. मंग दुसऱ्या कोणाची असंल?"