वाऱ्याचं तोंड कुणाकडे

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, फर्स्ट क्लास. हे मी न विचारता सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या ग्रॅज्युएट आहेत तेही न विचारताच सांगतात, फक्त जरा इंग्रजीत.

येरवड्याहून मी नारायण पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला जायची. दिवस उदारीकरणाचे. आमच्या लॅबच्या पाटीवर 'संपूर्ण संगणकीकृत' हे शब्द संगणक येण्याआधीच येऊन बसले होते. मग संगणक आला, आणि त्याच्यासाठी एसी. त्या खोलीत चपला काढून जायचं, धुळीनं त्याची तब्येत बिघडते म्हणून. शेजारच्या खोलीत आम्ही क्षयरोग्यांच्या थुंकीच्या बाटल्या उघडत बसायचो. आमच्या तब्येतीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. चपला मात्र घालून बसायची मुभा होती.

लॅब ज्यांची होती त्या डॉक्टरांना आम्ही सर म्हणायचो. माणूस हुशार, रोगनिदान पक्कं. त्यांनी ठरवलं, क्षयाचे जंतू वाढवून बघायची तपासणी आता आपल्याकडेच करायची. दर वेळी नमुने मुंबईला कशाला पाठवायचे? त्यासाठी 'कल्चर विभाग' निघाला आणि मी त्याची प्रमुख झाले. विभागात माणसं किती? मी. पण कारखान्यात फिटर असलेल्या माझ्या वडिलांनी "पोरगी डिपार्टमेंटची हेड झाली" हे साऱ्या गल्लीला सांगून टाकलं. माघारीचा रस्ता बंद झाला तो तिथेच.

दसऱ्याला यंत्र आलं. चकचकीत स्टील, काच, आत निळा दिवा. सोबत टाय लावलेला विक्रेता, पट्ट्याला पेजर. सरांनी यंत्रावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, केळ्यात खोचलेली उदबत्ती आत ठेवली. विक्रेत्यानं बटण दाबलं, आणि उदबत्तीचा सगळा धूर सरळ बाहेर येऊन सरांच्या चष्म्यावर आदळला.

"बघा सर, फोर्स बघा!" विक्रेता म्हणाला.

सर खोकले, पण समाधानानं.

मी यंत्राच्या मागे जाऊन पाहिलं. मागच्या भिंतीत फिल्टर. त्यातून गाळलेली हवा निघणार आणि सरळ समोर बसणाऱ्याच्या तोंडावर येणार. समोर बसणार कोण, तर विभागप्रमुख.

"सर, हे ते नाही," मी म्हटलं.

"ते म्हणजे?"

"आपल्याला सेफ्टी कॅबिनेट हवं होतं. हे लॅमिनार आहे. बाटली उघडली की आतले जंतू वाऱ्याबरोबर माझ्या तोंडावर येणार."

"एकच असतं हो मॅडम," विक्रेता म्हणाला. "फिल्टर तोच, मोटर तीच. सगळ्या कॉलेजांत हेच असतं."

"असतं ना. टिश्यू कल्चरच्या प्रॅक्टिकलला आम्ही त्यात गाजराचे तुकडे वाढवायचो. गाजराला टीबी नसतो."

सरांना वाद आवडत नसे. समजावून सांगायला मात्र फार आवडे. "अहो बाई, सोपं आहे. हे म्हणजे आपलं सोवळं समजा. आतलं शुद्ध राहिलं पाहिजे. बाहेरच्याचा श्वाससुद्धा त्याला लागता कामा नये."

त्यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं की ही उपमा सगळ्यांच्या घरची आहे. माझ्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हाच आमच्या घरानं हा विषय ऑप्शनला टाकला होता.

"उपमा अगदी बरोबर आहे सर," मी म्हटलं. "सोवळ्यात आतला स्वच्छ राहतो, आणि बाहेर उभा आहे त्याचं काय होतं ते कुणी बघत नाही. म्हणूनच हे चालणार नाही. मला दोघांनाही सांभाळणारं यंत्र पाहिजे."

विक्रेत्यानं पेजर काढून बघितला. तो वाजला नव्हता.

मग मीच समजावलं. खऱ्या कॅबिनेटमध्ये समोरच्या जाळीतून खोलीतली हवा आत ओढली जाते. वरून गाळलेली हवा जंतू वाढवायच्या प्लेटवर उतरते. बाहेर पडणारी हवाही गाळूनच पडते. माणूस आणि जंतू यांच्यामध्ये हवेचाच पडदा. माझा श्वास आत जात नाही, आतलं माझ्या छातीत येत नाही.

सरांनी ऐकून घेतलं. "छान. पण सोमवारी नमुने येतायत, बाहेरच्या डॉक्टरांना कळवून झालंय. तोंडाला मास्क लावा. नसेल जमत तर तसं सांगा. बी.एस्सी. झालेल्या मुली पुण्यात पुष्कळ आहेत."

हे आवाज न चढवता. आमच्याकडे भांडणात निदान भांडी तरी वाजतात.

संध्याकाळी वडिलांना सगळं सांगितलं. नोकरी गेली तर गल्लीला काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्यांनी तो विचारला नाही. म्हणाले, "हेड कोण आहे?"

"मी."

"मग हेडनं सांगायचं का ऐकायचं?"

सोमवारी नमुने आले. यंत्र सुरू करून द्यायला विक्रेताही आला. मी एक बंद बाटली यंत्रात ठेवली, मास्क पुढे केला आणि खुर्ची ओढली. "बसा साहेब. झाकण तुम्ही उघडा, मी बघून शिकते."

"मॅडम, माझं काम विक्रीचं."

"एकच असतं म्हणालात ना?"

तो खुर्चीकडे असा बघत राहिला, जणू खुर्चीच खोकतेय. सर दारात उभे होते. "बसा की," तेही म्हणाले.

"सर, घरी लहान मूल आहे माझं."

"अस्सं," सर म्हणाले. "म्हणजे एकच नसतं तर."

त्या दिवशीचे नमुने मुंबईला गेले, आणि पुढचे कित्येक महिनेही. सरांनी मला काढलं नाही. चूक झाली असंही म्हणाले नाहीत. लॅमिनार कोपऱ्यात गेलं. मी त्यात जंतूंसाठीच्या कोऱ्या प्लेटी तयार करायची. त्या कामाला ते उत्तमच होतं.

ऐन उन्हाळ्यात खरं कॅबिनेट आलं. पहिल्या दिवशी मी समोर बसले, सर मागे उभे. "झालं समाधान?"

"नाही सर. वरचा पंखा बंद करा. त्याच्या वाऱ्यानं समोरचा हवेचा पडदा फाटतो."

दारात जमलेल्या बाकीच्या स्टाफनं खाली बघितलं. सरांनी लॅबमध्ये कुठलं बटण स्वतः दाबलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते गेले आणि दाबलं. पंखा थांबला, खोली तापायला लागली.

मी हात आत घातले आणि झाकणाला हात लावला. कॅबिनेटमध्ये हात सावकाश हलवायचे असतात. घाईनंही पडदा फाटतो.

"आटपा लवकर," सर मानेवरचा घाम पुसत म्हणाले. "उकडतंय."

मी आणखी सावकाश केलं.