सईचा कौल

कोर्टात जिंकले तरी घरात हरणार, असं त्या दिवसांत मला सारखं वाटायचं. माझी सई बारा वर्षांची. तिच्या पाठीचा कणा वाकत चालला होता. आता ऑपरेशन केलं नाही तर पुढे श्वासाला त्रास होईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सईचा ताबा माझ्याकडे आहे, पण मोठ्या उपचारांना आईवडील दोघांच्या सह्या हव्यात असं कोर्टाच्या हुकमात लिहिलेलं. आणि जुईनगरला वेगळे राहणारे तिचे बाबा काही केल्या सही करेनात, म्हणून मी पुन्हा कोर्टात गेले होते. त्यांचा धाकटा भाऊ ऑपरेशनमध्येच गेला होता, ती धास्ती त्यांच्या मनातून जाता जात नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी मी त्यांना भित्रे म्हटलं, आणखीही नको नको ते बोलले. माझी जीभच तशी.

आम्ही दोघंही मूळचे कोकणातले. अडलं की देवाला कौल लावायचा, ही सवय हाडात मुरलेली. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी गावी कौल लावला, डावी पडली, लगेच मला फोटो! मग मी महापेच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन सारसोळ्याच्या गावदेवीला गेले. डावीच पडली. म्हटलं, आपलंच विचारायचं चुकलं असेल. दुसऱ्यांदाही डावी. तिसऱ्यांदा उजवी पडली, तेव्हा कुठे मी फोटो काढला. वकिलांना दाखवायला निघाले होते, इतकी अक्कल गहाण पडली होती माझी.

पायरीवर एक कोळीण म्हातारी रिकामी पाटी घेऊन टेकली होती. तिने सगळं पाहिलं असणार.

"बाय, कोनासाठी मांगतंस?"

"मुलीसाठी."

"मंग पोर कुठं हाय? जिचं गाऱ्हानं, तिनं नको उभं रावाला?"

मी फणकारून तिच्याकडे पाठ फिरवली, तर समोर देवी. सहा महिने मी सईला तारखा सांगत होते, गोळ्या देत होते, आणि तुला काय वाटतं हे एकदाही विचारलं नव्हतं. देवीसमोर मला स्वतःची लाज वाटली. तिथेच हात जोडून म्हटलं, आई, आता माझं म्हणणं संपलं. पोरगी म्हणेल ते मी ऐकेन.

रविवारी तिघंही गेलो. देवीचं नाव काढल्यावर तिच्या बाबांना नाही म्हणता येईना. पुजाऱ्यांनी पाकळ्या चिकटवल्या. कंबरेपासून काखेपर्यंत पट्टा बांधलेली माझी लेक पुढे झाली.

"देवी, मला खूप भीती वाटते," ती मोठ्याने म्हणाली. "पण मला ऑपरेशन करायचंय. बाबा, काकाचं झालं तसं माझं होईल असं तुम्हाला वाटतं, मला माहितीये. तुम्ही माझा हात धरून दारापर्यंत चला. आणि आई, तू बाबांना बोलू नकोस."

तिचे बाबा खांबाला धरून रडले. मीही रडले. पण खरं सांगते, रडताना माझी छाती अभिमानाने भरून आली होती. वकिलांना, आम्हाला जे जमलं नाही, ते या एवढ्याशा मुलीने चार वाक्यांत केलं. दुसऱ्या दिवशी सही झाली.

ऑपरेशनच्या दिवशी तिचा एक हात त्यांनी धरला, एक मी. पुढचे सात तास आम्ही एकाच बाकावर बसलो आणि मी एक शब्दही वाकडा बोलले नाही. देवीने तेवढं बळ दिलं.

आता सई ताठ चालते, माझ्याहून बोटभर उंच दिसते. परवा तिघंही देवीची ओटी भरायला गेलो तेव्हा ती म्हातारी भेटली. मी पाया पडून सगळं सांगितलं, तर म्हणते कशी, "मी असं बोलली? माला नाय आठवत." मग सईकडे पाहून तिने विचारलं, "मंग कौल कुठला परला?"

मी तिच्या बाबांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्या दिवशी आम्ही फक्त सईकडे पाहत होतो. पाकळी कुठली पडली, ते कुणी पाहिलंच नव्हतं.